कुंपणापलीकडचा सुभेदार

वन्संचं गळ्याजवळचं हाड मोडलं ते घोडीवरून पडून नाही. पडणं तिला नवीन नव्हतं. मुलांना घोडेस्वारी शिकवणाऱ्या बाईला त्याचं काही वाटेनासं होतं. पण त्या सकाळी ती घोडीवर बसलीसुद्धा नव्हती. दोरी धरून तिला फाटकातून बाहेर काढत होती, एवढंच. शेजारच्या कुरणातला म्हातारा घोडा चालत चालत शेडच्या आड गेला, दिसेनासा झाला, आणि घोडीने मागे वळून पाहिलं. मग मान वर, डोळ्यांचा पांढरा भाग उघडा, आणि ते सगळं धूड एका झटक्यात उलटं फिरलं. मध्ये वन्सं होती आणि वन्संच्या पाठीशी फाटकाचा खांब.

वहिनी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहत होती. इतक्या लांबून हाड मोडल्याचा आवाज ऐकू येणं शक्यच नव्हतं. तरी तो आपण ऐकला असं तिला पुढे कितीतरी दिवस वाटत राहिलं.

वन्सं म्हणजे वहिनीची धाकटी नणंद. लग्न होऊन आल्यावर वहिनीने चेष्टेत, जुन्या बायकांच्या थाटात, तिला ‘वन्सं’ म्हणायला सुरुवात केली. ती हाक घराबाहेर पडली आणि आता घोडेस्वारी शिकायला येणारी पोरंही तिला ‘वन्संटीचर’ म्हणत. वहिनीचा नवरा बोटीवर इंजिनखात्यात, वर्षातून थोडे महिने घरी. त्यामुळे घरात दोघीच. वहिनी दवाखान्यात नर्स. दोघींचा पहिल्या दिवसापासूनचा करार होता: ‘तू माझ्या सुयांना हात लावू नकोस, मी तुझी लीद उचलणार नाही.’

आता वन्संचा हात गळ्यातल्या झोळीत होता आणि लीद उचलणं वहिनीच्या गळ्यात पडलं होतं.

वहिनीला घोड्यांची भीती वाटायची हे वन्संला माहीत नव्हतं. कुणालाच नव्हतं. आवडत नाही, वास येतो, कपडे खराब होतात असलं काहीबाही सांगून तिने इतकी वर्षं निभावून नेलं होतं. खरं हे होतं, की एवढं मोठं जनावर, त्याच्या मनात काय चाललंय ते आपल्याला कळत नाही आणि कळेपर्यंत उशीर झालेला असतो, या विचारानेच तिची पावलं फाटकाशी थांबायची. दवाखान्यात अपघाताचे पेशंट आले की बाकीच्या पोरी मागे सरायच्या आणि ही पुढे व्हायची. पण पहिल्या दिवशी गवताची पेंढी घेऊन कुरणात शिरताना तिच्या तोंडाला अशी कोरड पडली, की जीभ टाळूला चिकटली.

घोडीचं नाव ठिणगी. तांबूस, उंच, कपाळावर पांढरा ठिपका. त्या सकाळी तिने वहिनीकडे पाहिलंही नाही. कुंपणाला छाती टेकवून ती पलीकडे मान टाकून उभी होती आणि पलीकडून म्हातारा सुभेदार तिच्या मानेचा बुंधा दातांनी हळूहळू खाजवत होता. दोघांचे डोळे अर्धे मिटलेले. बघणाऱ्याला वाटावं, काय हा जिव्हाळा! वहिनीने पेंढी जिथल्या तिथे टाकली आणि पाठ न फिरवता, मागे मागे पावलं टाकत फाटकाबाहेर आली.

सुभेदार शेजारच्या काकांचा. काका बसड्रायव्हर होते, निवृत्त झाल्यावर इथे येऊन राहिले. शर्यतीतून काढलेला हा घोडा त्यांनी कुणाकडून तरी आणला तेव्हा सगळ्यांनी त्यांना वेड्यात काढलं होतं. ते म्हणायचे, “जन्मभर चाळीस माणसं पाठीमागे घेऊन फिरलो. आता एकच जीव सोबत, तोही पुढे. बरं वाटतं.”

आधी वन्संकडे दोन घोड्या होत्या. थोरली गेल्या वर्षी पोटदुखीने गेली. त्यानंतर ठिणगी काही दिवस नुसती कोपऱ्यात उभी असायची. मग एक दिवस ती कुंपणाशी गेली आणि तिथलीच झाली. सुभेदार पाण्याला गेला की ही कुंपणाने त्याच्याबरोबर पाण्याला. तो आडवा झाला की ही त्याच्या डोक्याशी उभी. सुरुवातीला वन्संलाही बरं वाटलं होतं, पोरीला सोबत मिळाली म्हणून.

“सोबत वेगळी आणि हे वेगळं,” जनावरांचे डॉक्टर म्हणाले. वन्संला बघायला म्हणून आले होते, पण बसले अंगणात, दोन्ही कुरणं दिसतील असे. काकांनाही त्यांनी बोलावून घेतलं होतं. “याला आम्ही प्रेम नाही म्हणत. धास्ती म्हणतो. तो नजरेआड झाला की तिला वाटतं, आता वाघ येणार.”

“इथे कुठला वाघ?” काका म्हणाले.

“तिच्या डोक्यात आहे ना. कळपातलं जनावर आहे, एकटं पडलं की मेलं, हे तिला कुणी शिकवावं लागत नाही. मग त्या धास्तीत पुढे माणूस आहे की खांब, काही दिसत नाही तिला.”

वहिनी चहाचे कप ठेवत होती. तिला ते वाक्य भलतंच पटलं.

काकांनी मग खाली मान घालून आपली गोष्ट सांगितली. मुलगा बोलावत होता. थंडी सरली की ते त्याच्याकडे राहायला जाणार होते आणि सुभेदारही बरोबर जाणार होता. मुलाच्या घरामागे जागा होती.

“म्हणजे एक दिवस ट्रक येणार आणि हा जाणार?” वन्सं म्हणाली. “काका, ती कुंपण तोडून मरेल हो.”

“म्हणून तर आत्तापासून तोडायचं,” डॉक्टर म्हणाले. “कुंपण नाही, त्यांचं हे चिकटणं. पण हळूहळू. तिला घाबरू द्यायचं नाही. घाबरायच्या आत परत आणायची. आज दोन पावलं, उद्या चार. आणि हे करायला रोज, न चुकता, कुणीतरी हवं.”

सगळे वहिनीकडे बघायला लागले.

“मला ड्यूटी असते,” वहिनी म्हणाली.

“संध्याकाळी नसते,” वन्सं म्हणाली.

कामाला सुरुवात झाली ती लाकडाने. काकांनी गडी लावून आपल्या बाजूला दुसरं कुंपण घातलं, दोन्ही कुंपणांमध्ये एखादी हातगाडी जाईल एवढी गल्ली सोडून. आता माना पोचत नव्हत्या. पहिल्या दिवशी ठिणगीने जी आरोळी ठोकली ती ऐकून रस्त्यावरचा सायकलवाला उतरून बघायला लागला. ती कुंपणालगत पळत सुटली, टोकाला गर्रकन वळायची, परत पळायची. खुरांखालची माती उडून वहिनीच्या पायांवर पडत होती. घोडीच्या मानेवर घामाचा फेस आला.

“आत जा,” कुंपणाबाहेर खुर्चीत बसलेली वन्सं म्हणाली.

“आत? आत्ता?”

“दोरी घे आणि मधोमध उभी राहा. तिला कळू दे की कुणीतरी शांत आहे.”

“वन्सं, इथे शांत कोण आहे?”

“नाटक कर. पेशंटसमोर करतेस ना?”

वहिनी गेली. मधोमध उभी राहिली. घोडी जवळून गेली तेव्हा वाऱ्याचा झोत तिच्या गालाला लागला आणि तिने दोरी छातीशी घट्ट धरली. पण लहान मुलांना सुई टोचताना ती जसं काहीतरी नाकातल्या नाकात गुणगुणायची तसं तिने गुणगुणायला सुरुवात केली. सूर लागला नाही. घोडीचा एक कान मात्र तिच्याकडे वळला. थोड्या वेळाने पळणं थांबलं. घोडी धापा टाकत उभी राहिली, वहिनीही.

“झकास!” वन्सं ओरडली. “फक्त तू घोडीला इंजेक्शन द्यायला निघाल्यासारखी चालतेस, ते सोड.”

मग रोज संध्याकाळी तेच. कुंपणापासून पाण्याच्या टाकीपर्यंत आणि परत. टाकीपासून शेडच्या कोपऱ्यापर्यंत आणि परत. कोपरा वळला की सुभेदार दिसेनासा व्हायचा, म्हणून कोपरा म्हणजे मोठी परीक्षा. दोरीतून वहिनीला घोडीचा प्रत्येक विचार हाताला कळायला लागला: आधी दोरी जड व्हायची, मग थरथर, मग मान वर. मान वर जायच्या आत वळायचं. एकदा ती वेळ चुकली तेव्हा घोडी मागच्या पायांवर उभी राहिली आणि तिचे पुढचे खूर वहिनीच्या डोक्याच्या वर गेले. नालांच्या कडा उन्हात चकाकताना दिसल्या. त्या दिवशी घरात आल्यावर वहिनीने न्हाणीघराचं दार लावलं, नळ सोडला आणि उलटी केली. वन्संने बाहेरून विचारलं, “काय गं, बरं नाही का?” ती म्हणाली, “दवाखान्यात काहीतरी खाल्लं.”

सकाळी दवाखान्याला निघताना तिला रोज वाटायचं, आज सांगून टाकू, माझ्याने होत नाही. मग वन्सं एका हाताने केस विंचरायचा प्रयत्न करताना दिसायची, कंगवा अर्ध्यात अडकलेला, आणि ही पुढे होऊन तो सोडवायची.

पण घोडी सुधारत होती. शेडमागे ठेवलेल्या टोपलीतलं गाजर तिने एक दिवस तोंडात घेतलं आणि चावलंसुद्धा. घाबरलेलं जनावर खात नाही, डॉक्टरांनी सांगितलं होतं. वन्संने खुर्चीतूनच टाळी वाजवायला हात उचलला आणि कळवळून खाली घेतला.

या सगळ्यात पलीकडे सुभेदार उभा असायचा. ठिणगी कोपऱ्याआड गेली की तो कुंपणाशी यायचा आणि ती परत येईपर्यंत हलायचा नाही. ओरडायचा नाही, पळायचा नाही. काका कौतुकाने म्हणायचे, “बघा, म्हातारा कसा निवांत आहे. नाहीतर तुमची ती नाटकी बाई!”

वहिनीच्या एकदा मनात आलं होतं: दवाखान्यात आरडाओरडा करणाऱ्या पेशंटकडे सगळे धावतात. नर्सने बघायचं असतं ते न ओरडणाऱ्याकडे. तिने काकांना विचारलं, “हा नीट खातोय ना?”

“याला काय धाड भरलीय? सकाळचं थोडं राहतं. वय झालं, सिस्टर.”

वहिनीने पुढे विचारलं नाही. एकाच घोड्याने तिची झोप उडवली होती. दुसरा तरी ठीक आहे, एवढंच तिला हवं होतं.

थंडी ओसरायला लागली. वन्संची झोळी निघाली, पण जोर लावायला दवाखान्यातल्या डॉक्टरांची मनाई होती. तिनेच ठरवलं की आता घोडीला रस्त्यावर न्यायची. घरासमोरून उतार होता, उताराच्या शेवटी लाकडाची वखार. तिथपर्यंत चालवत जायचं आणि परत.

रविवारची दुपार होती. वहिनीने दोरी धरली, वन्सं बाजूने चालली. ठिणगी फाटकातून निघाली, वळली, रस्त्याला लागली. कान पुढे, मान खाली. एकदाच मागे पाहून तिने नाक फुरफुरवलं आणि चालत राहिली. डांबरावर टापांचा सावकाश आवाज येत होता. वहिनीच्या लक्षात आलं, की आपले खांदे खाली आलेत. इतके दिवस ते कानांपाशी असायचे.

“दादाला फोन करून सांगते,” वन्सं म्हणाली, “तुझी बायको घोडी फिरवते म्हणून. बोटीवरून उडी मारेल.”

वहिनी हसली. वखार दिसायला लागली होती आणि तेवढ्यात मागे काहीतरी कडाडलं.

आधी वाटलं, कुणीतरी फळ्या टाकल्या. मग टापा ऐकू आल्या. सावकाश नव्हेत. चौखूर.

वन्सं वळली आणि जागीच थबकली. उतारावरून, रस्त्याच्या मधोमध, सुभेदार येत होता. इथे आल्यापासून ज्याला कधी कुणी दुडक्या चालीनेही जाताना पाहिलं नव्हतं तो म्हातारा घोडा मान लांब करून, दात विचकून येत होता. पुढच्या एका पायात कुंपणाची फळी अडकलेली, तारेने लोंबणारी, प्रत्येक झेपेला रस्त्यावर आपटणारी. त्याच्या मागे लांबवर काका पळत होते, एक चप्पल पायात, एक नाही. आणि खालून, वखारीच्या वळणावरून, विटांनी भरलेला ट्रक चढ चढत येत होता.

ठिणगी ओरडली. सुभेदाराने उत्तर दिलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याचा आवाज ऐकू आला, खरखरीत, फाटलेला. घोडी जागच्या जागी फिरली, दोरी वहिनीच्या तळहातातून सळसळत गेली, चटका बसला, आणि कशी कोण जाणे, शेवटच्या गाठीशी थांबली.

“सोड!” वन्सं किंचाळली. “वहिनी, सोड तिला! ओढून नेईल!”

वहिनीला ते ऐकू आलं. सोडावं असं तिला वाटलंही. पण तिला डोळ्यांसमोर दिसत होतं: घोडी वर पळणार, तो खाली येणार, दोघं रस्त्याच्या मधोमध भेटणार आणि ट्रकवाल्याला ते वळणावरून दिसणार नाहीत. हॉर्न वाजला. बाजूला वखारीचं फाटक उघडं होतं, आत ओंडक्यांचे ढीग, मध्ये मोकळं आवार. भीतीने तिचे कान वाजत होते. तिने दोरी दोन्ही हातांनी पकडली, घोडीच्या खांद्याला खांदा लावला आणि सगळं अंग फाटकाच्या दिशेने लोटून दिलं. घोडीने तिचा पाय तुडवला. तिला कळलं नाही. “चल! चल गं बाई! चल!” ती ओरडत होती. आवाज आपलाच आहे हेही तिला ओळखू येत नव्हतं.

घोडी आत आली ती एकदम. वहिनी तिच्याबरोबर फरफटत आत आली आणि भुश्श्याच्या ढिगावर आपटली. हातात दोरी होती. ठिणगीने मान वर करून पुन्हा हाक मारली आणि रस्त्यावरचा सुभेदार त्या हाकेच्या दिशेने वळला. ट्रकचे ब्रेक कर्कश वाजले, रबर जळल्याचा वास आला, ट्रकचा बंपर त्याच्या शेपटीला घासून गेला असावा. आणि तो आत होता. फळी फाटकाला अडकून तुटली. वन्संने आपल्या धड हाताने फाटक ओढून घेतलं आणि पाठ लावून उभी राहिली.

वखारवाला करवतीपाशी थिजून उभा होता. ट्रकड्रायव्हर खाली उतरून आपल्याच गाडीला टेकला. 

दोन्ही जनावरं एकमेकांच्या मानेत मान घालून उभी होती. सुभेदाराच्या पायातून रक्त वाहत होतं, जाडसर, थेंबाथेंबाने नाही, धारेने.

हे मात्र आपल्या हातचं काम, असं वहिनीला वाटलं. तिने ओढणी काढली, घडी केली, गुडघ्यावर बसली आणि जखम दाबून धरली. आता हात स्थिर होतील, याची तिने वाट पाहिली. झाले नाहीत. ओढणीखाली तिची बोटं अशी कापत होती, की सुभेदाराने मान खाली घालून तिच्या केसांचा वास घेतला. ती रडायला लागली. दाब मात्र तिने सोडला नाही.

काका पोचले ते छाती धरून. फाटकाला हात टेकवून ते म्हणाले, “मेला का?”

“नाही,” वन्सं म्हणाली. “बसा काका. आधी बसा.”

“मला वाटायचं हा निवांत आहे,” काका पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. “मी समोर बसून पेपर वाचत होतो हो. नुसता उभा होता. हू नाही की चू नाही. आणि सरळ चालत गेला आणि छातीने फळ्या मोडल्या.”

डॉक्टर आले. टाके वखारीतच घातले, ठिणगीला शेजारी उभी करून, कारण तिला दोन हात लांब नेली की सुभेदार जखमी पाय आपटायला लागायचा. सामान आवरताना ते म्हणाले, “चूक माझी. मी एकीलाच आजारी धरलं. दोघंही आजारी होती.” मग वहिनीच्या तळहातांकडे त्यांचं लक्ष गेलं, दोरीने कातडी सोलून निघाली होती. “तुम्ही सोडली कशी नाही हो दोरी? हिंमत आहे तुमची.”

“हिंमत कसली? बोटं उघडलीच नाहीत,” वहिनी म्हणाली. “भीतीने वळली होती. मला घोड्यांची भीती वाटते, डॉक्टर. पहिल्यापासून.”

वन्संने तिच्याकडे पाहिलं. “न्हाणीघरात नळ सोडून...” ती म्हणाली आणि थांबली.

“हो.”

“आणि मी खुर्चीत बसून टाळ्या वाजवत होते. बावळट कुठली.” दोघींपैकी बावळट कोण, ते तिने सांगितलं नाही. घरी जाताना सगळा चढ तिने वहिनीचा दंड धरला होता, दुखऱ्या हाताने.

डॉक्टरांनी आता दोघांसाठी वेगळाच मार्ग काढला. दोघांचंच जग राहिलं तर ते असंच होणार. त्यात तिसरं, चौथं कुणी यायला हवं. वन्संच्या एका शिष्येच्या घरी एक बुटका तट्टू रिकामा उभा होता, पांढरट, ढेरपोट्या, कुणाचीही पर्वा न करणारा. तो ठिणगीकडे आला. आणि नाल ठोकणाऱ्या नालबंदाने सुभेदारासाठी कुठून तरी एक गाढवीण आणली. वहिनीच्या नवऱ्याला फोनवर हे कळलं तेव्हा तो म्हणाला, “शेजारी गाढवीण? मग हा गाढव नसला तरी चालतंय म्हणा तुमचं.” वन्सं फोनमध्ये खदाखदा हसली.

सुरुवातीचे दिवस वाईट गेले. ठिणगीने तट्टूवर दुगाण्या झाडल्या, सुभेदाराने गाढविणीकडे पाठ केली. वहिनी दुपारी दवाखान्यात कुणाचं बँडेज बांधत असली तरी तिचे कान घराकडे असायचे; फोन वाजला की गाठ अर्धी टाकून ती धावायची. पण तट्टू चिकट होता. लाथ चुकवून पुन्हा शेजारी येऊन चरायचा. एक दिवस वहिनीने पाहिलं, की ठिणगी कुंपणाकडे पाठ करून उभी आहे आणि तट्टूची आयाळ दातांनी खाजवतेय. गाढविणीनेही पलीकडे आपलं बस्तान बसवलं होतं: सुभेदार हलला की ती त्याच्या शेपटीमागे, नाक जवळजवळ चिकटवून. तो सकाळचं सगळं खायला लागला.

मग दुसरं कुंपण थोडं आणखी मागे सरकलं. मग आणखी. काकांनी मुलाला कळवलं, थोडं थांब. सुभेदाराचा पाय भरून येईपर्यंत आणि गाढवीण जिवाची होईपर्यंत ते थांबले.

ट्रक आला त्या सकाळी कुणाच्याच घशाखाली काही उतरलं नाही. वन्सं तबेल्यात, काका ट्रकपाशी. ठिणगीच्या कुरणात कुणीतरी उभं राहायला हवं होतं. वन्सं जायला निघाली तर वहिनी म्हणाली, “तुझा खांदा अजून कच्चा आहे. मी जाते.”

“भीती वाटतेय?”

“खूप.”

“मग?”

“मग काय? जाते.”

आधी गाढवीण चढली. सुभेदार तिच्या मागोमाग फळीवरून वर गेला, अडखळत, पण न थांबता. दार लागलं. काका चढण्याआधी वहिनीपाशी आले आणि हात जोडू लागले, तर तिने ते खाली केले. “पोचलात की फोन करा. प्रवासासाठी त्याच्या पायावर बांधलेली पट्टी आज काढू नका.”

ट्रक सुरू झाला तशी ठिणगीने मान वर केली. वहिनी तट्टूच्या पाठीवर एक हात टेकवून उभी होती. ट्रक वळणाआड गेला आणि घोडी पळत सुटली. कुंपणालगत, पुन्हा तीच माती उडवत, तोच आवाज काढत. एकदा ती सरळ वहिनीच्या दिशेने आली. वहिनीने डोळे मिटले नाहीत. मिटावेसे वाटले. घोडी हातभर अंतरावरून गेली. तट्टूने डोकंही वर केलं नाही. तो चरत राहिला.

असं दुपारपर्यंत चाललं. ठिणगी हाका मारायची, कान टवकारून थांबायची, उत्तर न आल्यावर पुन्हा पळायची. पण दर वेळी थोडी कमी. काकांचा फोन आला तेव्हा ती घामाने निथळत तट्टूशेजारी उभी होती. “हा उतरला. गाढवीणबाई बरोबर आहेत. पाणी प्यायला,” काका म्हणाले. “तिचं कसं?”

“ओरडतेय,” वहिनीने खरं ते सांगितलं. “पण उभी आहे.”

संध्याकाळी तिने गवत खाल्लं. पुढच्या दिवशी तिचा आवाज बसलेला होता आणि त्याच्या पुढच्या दिवशी तिने हाका मारणं सोडलं. अधूनमधून कुंपणाशी जाऊन उभी राहायची. तेवढं कुणी मोडायला गेलं नाही.

खांदा बरा झाल्यावर वन्संने पहिल्यांदा ठिणगीवर खोगीर चढवलं. वहिनी फाटकाशी उभी राहून बघणार होती. तिचं काम संपलं होतं. लीदसुद्धा आता पुन्हा वन्संची. वन्सं वर बसली, घोडी रस्त्याला लागली आणि वखारीच्या उताराकडे निघाली. वहिनीला वाटलं होतं, दुरून बघणं सोपं जाईल. पण दोरी हातात नव्हती, घोडीच्या मनातलं काहीच तिला कळत नव्हतं आणि प्रत्येक पावलागणिक तिचा जीव वरखाली होत होता.

“वन्सं, थांब!” तिने हाक मारली. तबेल्यातून म्होरकी आणून तट्टूच्या तोंडावर चढवली आणि त्याला ओढत, चपलांतच, ती रस्त्याला लागली.